राहू दे त्याला तिथंच

बाल न्याय मंडळाच्या मॅडमनी मला साधा प्रश्न विचारला होता. "मुलाला घरी न्यायची तुमची तयारी आहे ना?"

समोर टेबलावर हमीपत्र होतं. त्यावर माझं नाव, गाव, सगळं लिहून झालेलं. खाली फक्त सही राहिली होती. माझा मुलगा माझ्या डाव्या बाजूला उभा होता. सोळा पूर्ण होऊन दोन महिने झालेले, ओठावर नुकती लव फुटलेली. चार दिवस निरीक्षणगृहात काढून आला होता, आणि त्या चार दिवसांत त्याचा शर्ट त्यालाच मोठा दिसायला लागला होता. मॅडमनी विचारल्याबरोबर त्यानं माझ्याकडं पाहिलं. त्याला वाटत होतं, झालं, आता घरी.

मी म्हणालो, "मॅडम, गावात वातावरण तापलंय. ज्याला लागलंय त्याच्या घरची माणसं भडकलीत. आत्ता घरी नेणं बरं नाही. राहू दे त्याला तिथंच, थोडे दिवस."

यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. पण माझं कारण ते नव्हतं.

मी सव्वीस वर्षं पायदळात काढली. हवालदार म्हणून घरी आलो. उंब्रजच्या पुढं नदीकाठाला आमचं गाव, थोडा ऊस, आणि आळीत एक घर सोडून एक घर पलटणीतलं. अशा गावात माझ्या पोरानं क्रिकेटच्या सामन्यात बाद दिलं म्हणून भांडण काढलं आणि वर्गातल्याच एका मुलाच्या तोंडावर स्टंप मारला. तो मुलगा कराडच्या दवाखान्यात पडला होता. डोळा जाणार हे पहिल्याच दिवशी कळलं, पण डोक्यालाही मार होता आणि जीव वाचेल की नाही ते आठ दिवस कुणी सांगत नव्हतं. पोलिसांची गाडी दारात आली तेव्हा समोरच्या ओट्यावर चार माजी सैनिक बसले होते. त्यांतला एकही उठला नाही, एकही बोलला नाही. ते न बोलणं माझ्या अंगात घुसलं. मंडळासमोर उभा राहिलो तेव्हाही ते अंगात होतं.

मला वाटत होतं, पोराला एकदा कळू दे. आईनं लाडावलंय, माझी नोकरी लांब गेली, हात कुणी उगारला नाही. महिनाभर वेळेवर उठेल, रांगेत ताट धरेल, माणूस होऊन येईल. मीही तसाच माणूस झालो होतो.

मागं उभी असलेली बायको म्हणाली, "आवं..." मी वळून पाहिलं, ती गप्प झाली. मॅडमनी मुलाला विचारलं, तुला काय वाटतं? तो म्हणाला, "अण्णा म्हणतील तसं."

मग त्याला परत नेलं. जाताना त्यानं मागं वळून पाहिलं नाही. मला त्याचा अभिमान वाटला. हेही लिहून टाकतो, कारण तेव्हा खरंच तसं वाटलं होतं.

ते निरीक्षणगृह साताऱ्यात होतं की सांगलीत, ते मी लिहीत नाही. तिथल्या माणसांवर मला काही ढकलायचं नाही. दोन काळजीवाहक, एक अधीक्षक, आठवड्यातून एकदा येणाऱ्या समुपदेशक बाई, आणि तीसेक पोरं. ज्यांनी सांभाळायचं होतं त्यांच्याआधी मी होतो.

भेटीचा दिवस रविवार. बायको सकाळच्या एस.टी.नं जायची, डबा घेऊन. मी गेलो नाही. एकदाही नाही. उसाला पाणी आहे, माजी सैनिकांची मीटिंग आहे, असं काहीतरी सांगायचो. ती संध्याकाळी परत यायची, पिशवी खुंटीला अडकवायची आणि मी न विचारताच सांगायला लागायची.

"जेवत न्हाई ओ पोरगं."

"जेवंल. भूक लागली की जेवतंय माणूस."

पुढच्या रविवारी, "रात्रभर जागंच असतंय म्हणं. डोळं खोल गेल्यात."

मी सांगितलं, आम्ही भरती झालो तेव्हा पहिले सहा महिने उशीत तोंड घालून रडायचो. सगळेच रडायचे. नंतर कोण रडलं ते कुणाला आठवतसुद्धा नाही.

तिसऱ्या रविवारी ती म्हणाली, "लांब बाह्यांचा शर्ट मागितलाय त्यानं." मार्च संपत आला होता, ऊन तापत होतं. मी म्हणालो, या उन्हाळ्यात? थेरं नुसती. तिनं माझा एक जुना शर्ट बाह्या न कापता त्याच्या मापाला शिवून घेतला आणि नेऊन दिला. तिलाही तेव्हा काही कळलं नव्हतं. हातावर काय झाकायचं होतं ते आम्हाला फार उशिरा समजलं.

दवाखान्यातला मुलगा तोवर घरी आला होता. एक डोळा गेला, बाकी सुखरूप. त्याचा चुलता मला गिरणीत भेटला. म्हणाला, "झालं ते झालं. पोरंच हायती. तुमी तुमच्याला आणा घरी, आमचं काय म्हणणं न्हाई." मी मान हलवली. म्हणजे आता मंडळाला सांगितलेलं कारणही उरलं नव्हतं. तरी मी गेलो नाही. पुढची तारीख तीन आठवड्यांवर होती, मी म्हटलं तेव्हाच बघू. अर्ज करून आधीही नेता आलं असतं.

त्याच सुमाराला बायको दुसरा डबा न्यायला लागली. मी विचारलं, हा कुणाला?

"त्याच्या शेजारी झोपतंय एक पोरगं. धनगराचं हाय, आटपाडीकडचं. त्याच्याकडं कुणीच येत न्हाई."

त्या मुलाचं तिनं थोडं थोडं सांगितलं. पंधरा वर्षांचा. मोठ्या पोरांनी मोटारसायकली चोरल्या आणि याला चालवायला पुढं केलं. ती पोरं पळाली, हा सापडला. याचा बाप मेंढरं घेऊन दिवाळीनंतर बागायती भागात उतरलेला, आज या रानात, उद्या त्या. गावात म्हातारी चुलती तेवढी. नोटीस तिच्या हातात पडली, तिला वाचता येत नव्हतं, तिनं ती देव्हाऱ्यात ठेवली. बापाचा फोन लागत नव्हता. न्यायला कुणी नाही म्हणून पोरगा चार महिने आत होता. बायकोला मावशी म्हणायचा. डबा उघडला की आधी वास घ्यायचा, मग माझ्या पोराच्या पुढं सरकवायचा आणि म्हणायचा, "तू खा आधी, मग मी." माझा पोरगा त्याच्यामुळं दोन घास खायला लागला होता.

ती म्हणाली, "आवं, त्याच्या बापाला कुणीतरी हुडका की. तुमच्या पलटणीतली माणसं हायती आटपाडीकडं. एक फोन करून बघा."

माझ्याकडं खरंच नंबर होता. माझ्याच कंपनीतला एक जण त्या भागात राहत होता, दर दिवाळीला फोन करायचा. मी म्हणालो, "सरकारचं काम हाय ते. आपण कशाला मधी पडायचं?"

पुढच्या रविवारी तिनं परत विचारलं. मी म्हणालो, बघतो. ते मी बघितलं नाही. विसरलो असंही नाही. फोन हातात घेतला की वाटायचं, तो विचारेल, तुला कसं कळलं या पोराचं? तुझं कोण आहे तिथं? मला त्याला ते सांगायचं नव्हतं.

आत जाऊन सातवा आठवडा चालू होता. मंगळवार. दुपारी मी जेवून उठत होतो तेव्हा अधीक्षकांचा फोन आला. आवाज बसलेला होता. "तुमचा मुलगा ठीक आहे. आधी ते सांगतो. पण तुम्ही आणि तुमच्या मिसेस, दोघं लगेच सरकारी दवाखान्यात या."

धनगराच्या पोरानं सकाळी जीव दिला होता. कसा, ते मी लिहिणार नाही. माझ्या पोरानंच त्याला पहिल्यांदा पाहिलं. त्याचं बोलणं तेव्हापासून बंद झालं होतं. समुपदेशक बाईंनी त्याला धरून बसवलं, बाही वर केली आणि त्यांना त्याचे हात दिसले. दोन्ही हात. काही जखमा जुन्या होत्या, काही त्याच आठवड्यातल्या. म्हणून त्याला दवाखान्यात आणलं होतं.

मी त्याला पाहिलं तेव्हा तो बाह्यरुग्ण विभागाच्या पायऱ्यांवर बसला होता, काळजीवाहक शेजारी. बायको धावत गेली आणि तिनं त्याला मिठीत घेतलं. तो तसाच बसून राहिला, ताठ. मी दोन पावलांवर थांबलो. सव्वीस वर्षांत मी जखमी माणसं उचलली होती, एकाला तर मांडीवर घेऊन चार तास बसलो होतो. पण माझ्या पोराला हात कुठं लावायचा हे मला कळत नव्हतं.

काळजीवाहक वयस्कर होता. मला बाजूला घेऊन म्हणाला, "तो गेलेला मुलगा दर रविवारी फाटकापाशी बसायचा ओ. मी म्हणायचो, आत ये ऊन लागंल. तर म्हणायचा, आज यील. काल संध्याकाळी मात्र आला न्हाई बसायला, आन माझ्या ध्यानात आलं न्हाई." त्याचे डोळे गळत होते. काल सोमवार होता हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. म्हणजे पोरगा भेटीचा दिवस नसतानाही बसायचा.

बापाला पोलिसांनी सकाळी शोधायला सुरुवात केली आणि चार तासांत शोधलं. शिराळा तालुक्यात एका मळ्यात त्याची मेंढरं बसली होती. एका हवालदारानं गावच्या पोलीस पाटलाला फोन केला, त्यानं दुसऱ्याला, आणि माणूस सापडला. बायकोनं ते ऐकलं. माझ्याकडं न बघता म्हणाली, "सापडला की. एका सकाळीत."

बाप संध्याकाळी पाचच्या सुमाराला आला. डोक्याला पटका, खांद्यावर घोंगडं, पायात जाड वहाणा, रानातून उठून आला तसाच. त्याला आत नेलं आणि बऱ्याच वेळानं बाहेर आणून माझ्या शेजारी बाकावर बसवलं. कागद व्हायचे होते. शिपायानं पाण्याची बाटली दिली, ती त्यानं उघडली नाही. नुसती दोन्ही हातांत धरून ठेवली. मग त्यानं विचारलं,

"तुमचं कोण हाय हितं, पावनं?"

"पोरगा." मी पायऱ्यांकडं बोट केलं. "तुमच्या पोराच्या शेजारीच असायचा. धक्का बसलाय त्याला."

त्यानं माझ्या पोराकडं पाहिलं. नीट पाहिलं, जनावर पारखावं तसं नाही, लेकराला बघावं तसं. "मैतर व्हता म्हणा की."

"व्हय."

"किती दीस व्हता आत?"

"सात आठवडे."

"सात आठवडं." तो पुटपुटला. मग माझ्याकडं वळला. "म्हंजी तुमास्नीबी कुणी कळवलं न्हाई व्हय?"

त्याला दुसरं कारण सुचतच नव्हतं. पोरगा आत आहे हे ठाऊक असलेला बाप घरी बसेल, हे त्याच्या डोक्यातच येत नव्हतं.

मी म्हणालो, "न्हाई. आमालाबी उशिरा कळलं."

त्यानं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "आपल्यासारख्यास्नी कोण सांगतंय," म्हणाला, आणि तिथं पहिल्यांदा रडला. माझ्या गुडघ्यावर हात ठेवून, माझ्यासारखाच एक बाप भेटला म्हणून.

माझा पोरगा तीन हातांवर बसला होता. त्यानं मान उचलून माझ्याकडं पाहिलं. दिवसभरात त्याची नजर पहिल्यांदाच कशावर तरी थांबली होती.

दुसऱ्या दिवशी मी हमीपत्रावर सही केली. मंडळाच्या मॅडमनी काही ऐकवलं नाही. फक्त म्हणाल्या, "औषधोपचार थांबवू नका. आणि त्याला एकटं सोडू नका." घरी आल्यावर बायकोनं त्याचं अंथरूण आमच्या खोलीत टाकलं. तो भिंतीकडं तोंड करून पडायचा. आम्ही दोघं पाळी लावून त्याच्या जवळ असायचो, आणि तो आमच्या दोघांपैकी कुणाशीच बोलायचा नाही. गावात कुणी म्हणालं, नाटक करतंय पोरगं, शाळा बुडवायची. महिन्यापूर्वी मीही तेच म्हणालो असतो. मी त्या माणसाशी भांडलो, आणि भांडताना कळत होतं की मी कुणाशी भांडतोय.

सांगलीला मानसोपचार तज्ज्ञ मॅडम होत्या, तिथं न्यायला सुरुवात केली. पहिल्या भेटीत त्यांनी मलाही आत बसवलं. इकडचं तिकडचं विचारलं, झोप, जेवण, शाळा. तो मान हलवून उत्तरं देत होता. मग त्यांनी, जसं ताप आहे का विचारावं तसं, विचारलं, "मरून जावंसं वाटतं का तुला?"

मी खुर्चीतून उठायच्या बेतात होतो. असं कुणी पोराला विचारतं का? पण त्याआधी तो बोलला.

"व्हय."

"कधीपासून?"

"त्या दिसापास्नं."

"मित्र गेला त्या दिवसापासून?"

त्यानं मान हलवली, नाही म्हणून. "न्हाई. अण्णांनी सही केली न्हाई, त्या दिसापास्नं."

त्यानं ते रागानं म्हटलं नाही. तारीख सांगावी तसं सांगितलं. मॅडम माझ्याकडं न बघता लिहीत राहिल्या. मी टेबलाच्या कडेकडं बघत होतो. काचेखाली कुणाच्या तरी लहान मुलानं काढलेलं घराचं चित्र होतं, ते अजून डोळ्यांपुढं आहे.

नंतर मॅडमनी मला एकट्याला बोलावलं. मी त्यांना म्हणालो, तुम्ही असं सरळ विचारता, अशानं पोराच्या डोक्यात नसलेलं यायचं. त्या म्हणाल्या, "विचारल्यानं येत नाही हो. आलेलं असतं ते बाहेर पडतं. त्या दुसऱ्या मुलाला चार महिन्यांत कुणी विचारलं असतं तर?" मग थांबून म्हणाल्या, "तुम्हाला दुखवायला म्हणत नाही." पण दुखायला हवंच होतं.

पंधरा दिवसांतून एकदा आम्ही सांगलीला जायचो. उंब्रजवरून कराड, कराडवरून सांगली, खिडकीला तो, कडेला मी. गोळ्यांनी झोप येऊ लागली होती. आईशी एखाददुसरा शब्द बोलायचा. माझ्याशी नाही. जूनमध्ये एका फेरीला, इस्लामपूर मागं पडल्यावर, तो खिडकीबाहेर बघतच म्हणाला,

"तुमी त्या म्हाताऱ्याला खोटं का सांगितलं?"

पोरगा म्हातारा म्हणत होता, पण तो धनगर माझ्याहून लहानच असेल. मी म्हणालो, "लाज वाटली."

"कशाची? मी आत हुतो त्याची?"

"न्हाई. मी घरी हुतो त्याची."

सांगलीत उतरताना तो म्हणाला, "त्यानं मला आदल्या दिशी सांगितलं हुतं, अण्णा. म्हणाला, आता कुणाची वाट बघायची न्हाई. मला वाटलं, चिडलाय. मी कुणाला सांगितलं न्हाई." स्टँडवर माणसांची रेटारेटी चालली होती. मी त्याचा दंड धरला. पहिल्यांदा. त्यानं सोडवून घेतला नाही, पण त्याचा हात नुसता लाकडासारखा माझ्या हातात होता. मी म्हणालो, "तुझी चूक न्हाई ती. तू पोर हाईस. मोठी माणसं हुती की." तो म्हणाला, "मोठी माणसं कुठं हुती?"

जुलैत मी आटपाडीच्या बाजूला गेलो. पावसाळ्यात ती माणसं गावी परततात हे मला आता ठाऊक झालं होतं. पलटणीतल्या त्या मित्राला अखेर फोन केला आणि सगळं सांगितलं. त्यानं पत्ता शोधून दिला. निघायच्या सकाळी पोरगा चपला घालून दारात उभा. "मीबी येतो."

माळावर दोन खोल्यांचं घर, बाजूला काटेरी कुंपणात मेंढरं. तो बाहेरच लोकर कातरत होता. आम्हाला बघून उठला, ओळखलं, पाणी आणायला सांगितलं. मी पाणी घ्यायच्या आधीच बोललो. माझा पोरगा आत आहे हे मला पहिल्यापासून ठाऊक होतं, मीच आणलं नाही, मंडळासमोर नाही म्हणालो. आणि तुमच्या पोराचं मला माझ्या घरच्यांनी दोनदा सांगितलं होतं, एका फोनचं काम होतं, तेही मी केलं नाही.

तो ऐकत होता. हातातली कात्री मिटलेली. माझं संपलं तेव्हा म्हणाला, "मला कळलं असतं तर मेंढरं तिथंच सोडून पळत आलो असतो. आन तुमास्नी..." पुढचं त्यानं गिळलं. मग म्हणाला, "हे मला कशाला सांगितलंसा? आता तुमचा राग करत बसू व्हय मी? माज्यात तेवढी जागा न्हाई उरली."

मी माफी मागायला तोंड उघडलं. त्यानं हात वर करून थांबवलं आणि माझ्या पोराला हाक मारली. "ये रं लेकरा. हितं बस. माजं पोरगं तिथं काय काय बोलायचं, ते सांग मला. सगळं सांग."

त्याची बायको आतून आली आणि उंबऱ्यात बसली. मला कुणी जा म्हटलं नाही, बस म्हटलं नाही. मी उठून रस्त्याच्या कडेला जाऊन उभा राहिलो. तासभर झाला असेल. तिथून मला शब्द कळत नव्हते. माझा पोरगा बोलत होता, हातवारे करत, कित्येक महिन्यांत बोलला नव्हता इतकं. एकदा त्या बाईचा हंबरडा ऐकू आला. एकदा ती हसल्यासारखं वाटलं, पण मी खात्रीनं सांगू शकत नाही. निघताना तिनं माझ्या पोराच्या तोंडावरून हात फिरवला आणि बोटं मोडली. मला तिनं पाहिलंच नाही.

परतीच्या गाडीत पोरगा खांबाला डोकं टेकून झोपला.

ही तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. मंडळानं पुढं त्याला समज देऊन आणि समुपदेशन चालू ठेवायच्या अटीवर मोकळं केलं. त्यानं स्वतःहून जाऊन त्या डोळा गेलेल्या मुलाची माफी मागितली. तो मुलगा म्हणाला, बरं. एवढंच. दोघं बोलत नाहीत. माझ्या पोराची बारावी झाली नाही, पण आय.टी.आय. झालं. आता सांगलीत मावशीकडं राहतो आणि मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात कामाला आहे. औषधं कमी झालीत, बंद नाहीत. मधे एकदा, दुसऱ्या वर्षी, पुन्हा दवाखान्यात ठेवावं लागलं. घरी राहायला येत नाही. सणाला येतो, आईजवळ बसतो, दुसऱ्या दिवशी जातो. मी त्याला परत ये म्हणायचा हक्क घालवलाय, आणि तो तसं कधी बोलून दाखवत नाही, याचाच मला जास्त त्रास होतो.

बायको माझ्याशी नीट वागते. स्वयंपाक, औषधं, पाहुणे, सगळं. फक्त पूर्वी ती मला काही सांगताना सुरुवातीला माझ्या तोंडाकडं बघायची, मी ऐकतोय का ते बघायला. ते आता ती करत नाही.

मी रोज संध्याकाळी पोराला फोन करतो. जेवलास का, झोप लागती का. व्हय, लागती. मिनिटभराचं बोलणं. गेल्या महिन्यात एकदा त्याचा आवाज मला बरा वाटला नाही. मॅडम विचारतात ते मी विचारावं की नाही, किती वेळ जिभेवर घोळवत होतो. मग विचारलं. सरळ, त्यांच्याच शब्दांत.

मागं दुकानातलं मशीन चालू होतं.

"आज वाटतंय," तो म्हणाला. "पण मावशी हाय घरात. मॅडमना फोन केलाय मी."

मी म्हणालो, "मी येतो." तो म्हणाला, "आता कशाला?" तरी मी मिळाली ती गाडी धरली आणि त्याच्याकडं पोचलो. मावशीनं दार उघडलं. तो आत पलंगावर बसला होता. "आलासा व्हय," म्हणाला. मॅडमनी दुसऱ्या दिवशी सकाळी बोलावलं होतं, तिथं आम्ही दोघं गेलो. मी बाहेर थांबलो. त्याला आत पाऊण तास लागला. बाहेर आल्यावर गोळ्यांची चिठ्ठी त्यानं माझ्या हातात दिली, आम्ही औषधं घेतली, कोपऱ्यावर चहा घेतला. त्यानं बिस्किट अर्धं खाऊन उरलेलं बशीत ठेवलं.

मी विचारलं, चार दिवस राहू का इथं?

"ऱ्हावा," तो म्हणाला. मग घड्याळ बघून कामावर गेला.